उपाशी या, पण पाणी पिऊन या

पाणी. बाकी काही विसरलात तरी चालेल, पाणी विसरू नका. गेल्या मे महिन्यात मी वर्षाची रक्ततपासणी करायला गेले, ती रात्री आठपासून घोटभरही पाणी न पिता. लॅबमधून फोनवर 'उपाशीपोटी या' एवढंच सांगितलेलं, आणि आमच्या घरात उपास म्हटला की हरतालिकेचा, निर्जळी. गोव्यातल्या डिचोलीतला मे, त्यात रात्रभर वीज नाही. सकाळी नऊला शीर सापडेना. डावा हात झाला, उजवा झाला, शेवटी तळहाताच्या पाठीवर सुई. रक्त थेंब थेंब आलं, नळीतच तांबड्या पेशी फुटल्या, आतलं पोटॅशियम बाहेर पडलं आणि रिपोर्टात आकडा 5.9. पाचच्या वर काही दिसलं की डॉक्टर हृदयाच्या ठोक्यांचं बोलायला लागतात. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी पिऊन परत रक्त दिलं, 4.3. पैसे दोनदा गेले ते वेगळंच.

तर यंदा नीट. आठवडाभर आधी गोळ्यांचा डबा उघडा आणि डॉक्टरांना विचारा, त्या सकाळी कुठली घ्यायची आणि कुठली नाही. साखरेची गोळी उपाशीपोटी घेऊन रांगेत बसलात तर चक्कर येऊन पडाल. प्रेशरची बहुधा घ्यायलाच सांगतात, पाण्याबरोबर. बघा, पाणी आलंच. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. थायरॉइडच्या काही तपासण्यांत त्याने आकडा चक्क खोटा येतो, म्हणून ते दोन-तीन दिवस आधी थांबवायला लावतात. नुकताच ताप येऊन गेला असेल तर तारीखच पुढे ढकला.

तारीख घेताना कॅलेंडर बघा. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या), जात्रा, कुणाचं लग्न, यांच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत तर दोन-तीन दिवस आधीपासून ग्लास बाजूला. दारू आणि तळणाने ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, उसळतात, आणि गंमत पुढे आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुष्कळदा मोजत नाहीत, गणिताने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. म्हणजे ट्रायग्लिसराइड फुगले की एलडीएल कमी दिसणार आणि तुम्ही उगाच पेढे वाटणार. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेले तर हे गणितच लागू पडत नाही. उलट टोकही नको. रिपोर्टाला खूश करायला चार दिवस काकडी खाऊन काय मिळणार? रोजचं शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, खा. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी काकडीला फसत नाही. तिला उपाशीही राहावं लागत नाही, मात्र रक्तात लोह कमी असेल तर ती जास्त दाखवू शकते. बायकांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावंच.

'आमच्या घरात कुणाला साखर नाही' म्हणून हे सगळं उडवून लावू नका. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. देशाचं 11.4.

आदल्या दिवशी जिम नको, स्नायूंवर ताण आला की लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा वर जातो. रात्री साडेआठला जेवण उरका. दहा ते बारा तास उपाशी पुरे. चौदाच्या वर राहण्यात पराक्रम काही नाही. उशाशी तांब्या भरून ठेवा, आणि रात्री जाग आली की प्या.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजेल. उंडे घेऊन ठेवा, खाऊ नका. चहा नाही, बिनसाखरेचा कोराही नाही. सिगारेट नाही. साधं पाणी, दोन ग्लास, घरून निघण्याआधी. पोट भरलंय, रक्त पातळ होईल, असलं काही मनात आणू नका. प्या.

घरी येऊन रक्त नेणारे असतील तर साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी आहे ना ते बघा. तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के, आणि नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत तुम्ही कागदावर निरोगी झालेले असता.

जेवणानंतरची साखर द्यायची असेल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. डबा न्या, रोजचाच नाश्ता. या दोन तासांतही पाणी चालतं.

रिपोर्ट आला की उपाशीची साखर 100च्या आत बरी, 126 किंवा वर म्हणजे मधुमेहाचा संशय. एचबीएवनसीला हेच आकडे 5.7 आणि 6.5. ट्रायग्लिसराइड 150च्या आत. त्रास काही नसेल तर एका आकड्यावर निदान होत नाही, परत तपासतात. कमरेला टेप लावा, पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या आत, बायकांना 80च्या आत. मागच्या वर्षीचा कागद बरोबर न्या. शक्यतो तीच लॅब. बाकी डॉक्टर बघतील.

माझी तारीख गुरुवारची. तांब्या आजच घासून ठेवलाय.