काळ्या दगडाचं देऊळ आणि चांदण्यांचं आकाश: रात्रीचा फोटो कसा काढावा

चांदण्यांचा फोटो काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड जातं ते खालचं देऊळ. एक तर ते नुसतं काळं ठिक्कर येतं, नाहीतर टॉर्चच्या झोतात पिवळंधमक होतं. सह्याद्रीतली जुनी देवळं बहुतेक काळ्या बेसाल्टची आणि हा दगड उजेड गिळतो. माझं स्पष्ट मत आहे की त्याच्यावर उजेड पडावा तो चंद्राचा, आणि तोही चतुर्थी-पंचमीच्या कोवळ्या चंद्राचा. ते कसं जमवायचं, हे अकोले तालुक्यातल्या रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराच्या उदाहरणाने सांगतो. भंडारदरा जलाशयाकाठचं, रतनगडाच्या पायथ्याचं हे शिलाहारकालीन देऊळ.

आधी पंचांग, मग कॅमेरा

आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी, वृश्चिक-धनू राशींमधला भाग टिपायला एप्रिल-मे उत्तम. मेच्या सुरुवातीला तो रात्री साडेदहाच्या सुमारास आग्नेयेला उगवतो आणि पहाटे साडेतीनला दक्षिणेत, क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर येतो. पुढे रोज चार मिनिटं लवकर. जूनपासून ढग. थंडीत मात्र मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध असा सगळा थाट संध्याकाळीच मिळतो.

फक्त आकाश हवं असेल तर अमावास्या धरा. देवळासकट हवं असेल तर शुद्ध चतुर्थी किंवा पंचमी. तेव्हा चंद्र पश्चिमेला असतो आणि दहा-अकराच्या सुमारास मावळतो. म्हणजे आधी त्याच्या उजेडात देऊळ, तो गेल्यावर काळ्याभोर आकाशात तारे.

परवानगी आणि दिवसाची पाहणी

अमृतेश्वर हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. अशी स्मारकं साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त खुली असतात आणि आत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. म्हणून रात्रीचं काम आवाराबाहेरून करायचं. गावात आणि वनखात्याच्या नाक्यावर आधी सांगून ठेवा. देवळाजवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे. अंधारात तिची कड दिसत नाही, तेव्हा उजेडातच सगळा परिसर पायाखालून घाला. मेअखेरीस काजव्यांसाठी भंडारदऱ्याला गर्दी होते. गाड्यांचे दिवे फोटो बिघडवतात, ते दिवस टाळलेले बरे.

उभं कुठे राहायचं? आकाशगंगेसाठी देवळाच्या उत्तरेला, तोंड दक्षिणेकडे. मावळतीचा चंद्र तुमच्या उजव्या हाताला येतो आणि खरी गंमत इथेच आहे. अमृतेश्वराचं शिखर भूमिज शैलीचं आहे: उभ्या पट्ट्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत जातात. उजेड समोरून आला की हे सगळं सपाट होतं. बाजूने, तिरका आला की प्रत्येक छोट्या शिखराची सावली शेजारच्या खाचेत पडते आणि अख्खा दगड जिवंत होतो. कोणताही एलईडी दिवा हे इतक्या हळुवारपणे करत नाही.

कॅमेरा फार वर झुकवला की शिखर मागे कलल्यासारखं दिसतं. जागा असेल तेवढं मागे सरका आणि कॅमेरा शक्यतो पातळीत ठेवा.

प्रत्यक्ष फोटो

देऊळ आणि आकाश यांचे वेगवेगळे फोटो काढून नंतर जोडायचे आहेत, म्हणून ट्रायपॉड घट्ट रोवा आणि पहाटेपर्यंत तो हलू देऊ नका. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा थंड-उबदारपणा, ४००० केल्व्हिनच्या आसपास. फोकस मॅन्युअल करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून बघा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. वाइड लेन्स असेल आणि देऊळ दहा मीटरपलीकडे असेल, तर याच फोकसवर तेही रेखीव येतं.

चंद्र असताना देवळासाठी एफ/४ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, दोन-तीन मिनिटं. त्यासाठी बल्ब मोड (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट लागेल. रिमोट नसेल तर एफ/२.८, आयएसओ १६००, ३० सेकंद. चंद्र मावळला आणि आकाशगंगा वर आली की आकाशासाठी एफ/२.८, आयएसओ ३२००, १५ ते २० सेकंद. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे जास्त वेळ दिला की ताऱ्यांच्या रेघा होतात. ५०० ला फोकल लेंथने (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागलं की फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची, कमाल मर्यादा सेकंदांत मिळते. क्रॉप सेन्सरला, म्हणजे त्याहून लहान सेन्सरला, ते उत्तर पुन्हा १.५ ने भागा. मी ५०० ऐवजी ३०० धरायला सांगेन, हल्लीचे सेन्सर फार बारकावा टिपतात.

मोबाइलवाल्यांनी नाइट मोड, ट्रायपॉड आणि टायमर एवढं तरी करावं.

ध्रुवाभोवतीची चक्रं हवी असतील तर

ताऱ्यांच्या रेघा मुद्दाम ध्रुवाभोवती गोल उमटवायच्या असतील, तर देवळाच्या दक्षिणेला जा. इथे ध्रुवतारा क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांवरच असतो. त्यामुळे तो बरोबर कळसावर बसवायचा तर शिखराच्या उंचीच्या सुमारे २.८ पट अंतरावर उभं राहावं लागतं. १२ मीटर उंचीला साधारण ३४ मीटर. मे महिन्यात सप्तर्षींतल्या पुलह-क्रतू या दोन ताऱ्यांवरून ध्रुव सापडतो, थंडीच्या संध्याकाळी शर्मिष्ठा या तारकासमूहावरून. ३० सेकंदांचे किमान १२० फोटो सलग घ्या आणि स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा. नाशिक उत्तरेलाच असल्याने त्या बाजूचं क्षितिज थोडं उजळ दिसू शकतं.

घरी आल्यावर

देवळाचा आणि आकाशाचा फोटो फोटो सॉफ्टवेअरमध्ये दोन लेयरमध्ये, म्हणजे एकावर एक, ठेवून शिखराच्या कडेने मास्क करा, म्हणजे वरच्या फोटोचा नको तो भाग झाका. कडेला पांढरी रेघ राहिली तर मास्क एक-दोन पिक्सेल आत ओढा. देवळाचा उजेड वाढवायचा मोह इथे हमखास होतो. कोरीव काम ओळखू येईल तिथे थांबा, आणि दगडाचा निळसर थंडपणा पुसून त्याला सोनेरी करू नका.