एकाच मीटरच्या आकड्यांतून गीझर, फ्रिज, पंप वेगळे कसे काढावेत

बिलावर महिन्याचे युनिट एकगठ्ठा येतात. त्यातले गीझरचे किती, फ्रिजचे किती, हे काढायला प्रत्येक उपकरणाला वेगळा मीटर लागत नाही. उपकरण चालू-बंद झाले की घराच्या एकूण वॅटमध्ये पायरी पडते, ती ओळखायची. जॉर्ज हार्ट यांनी १९९२ च्या शोधनिबंधात मांडलेली ही पद्धत साध्या स्प्रेडशीटमध्येही चालते.

१. दर सेकंदाची नोंद घ्या. स्मार्ट मीटरचा अर्ध्या तासाचा डेटा पुरत नाही. २००० वॅटचा गीझर १२ मिनिटे चालला काय किंवा ८०० वॅटचा पंप अर्धा तास चालला काय, दोन्ही ०.४ युनिटच. पीझेडईएम-००४टी (वीज मोजणारे) मॉड्यूल आणि ईएसपी३२ (ते आकडे नोंदवणारा छोटा संगणकी) बोर्ड घ्या. सिंगल फेज घराला एवढे पुरते. सीटी कॉइल (तारेतला प्रवाह मोजणारे कडे) फक्त फेजच्या तारेभोवती बसवा. न्यूट्रलही आत गेली की रीडिंग शून्य. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. सात दिवसांच्या ६,०४,८०० ओळी एक्सेलच्या एका शीटमध्ये मावतात.

२. उपकरणांची यादी करा. बाकी सगळे बंद ठेवून एकेक उपकरण दोन मिनिटे चालवा, वाढलेले वॅट लिहा. इस्त्री आणि पंप दोन्ही हजारच्या आसपास निघाले तर व्हीएआर (काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) बघा: व्होल्ट × अँपिअरच्या वर्गातून वॅटचा वर्ग वजा करून वर्गमूळ. इस्त्रीने ते जवळजवळ हलत नाही, पंपाने उडी मारते.

३. व्होल्टेजची दुरुस्ती. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. २३० व्होल्टला २००० वॅट घेणारा गीझर २१० व्होल्टला साधारण १६६७ वॅटच घेतो, म्हणून यादीशी जुळत नाही. गीझर, इस्त्रीसारख्या तापणाऱ्या उपकरणांच्या पायरीला (२३० ÷ व्होल्ट)² ने गुणा. टीव्ही, संगणकाला हे लावू नका.

४. पायऱ्या शोधा. प्रत्येक ओळीनंतरचे ३ सेकंद सोडा (कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वॅट खेचतो), पुढच्या ५ सेकंदांच्या सरासरीतून आधीच्या ५ ची वजा करा. एकच पायरी सलग काही ओळींत दिसते, ती एकदाच धरा. ३० वॅटखालचे सोडून द्या. त्यात बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा निसटला तरी चालेल.

५. जोड्या लावा. चढत्या पायरीला ५ टक्क्यांच्या आत बसणारी पुढची उतरती पायरी शोधा. वॅट (व्होल्टेजच्या दुरुस्तीआधीचे) × सेकंद ÷ ३६,००,००० म्हणजे युनिट. मंद आचेवरचा इंडक्शन दर काही सेकंदांनी चालू-बंद होतो, तो अख्खा स्वयंपाक एकच वापर धरा. वॉशिंग मशीनच्या हीटरची आणि मोटरची पायरी वेगळी पडते, नाव मात्र एकच द्या.

६. मीटरशी ताळा करा. जोड्यांची बेरीज, त्यात राउटर, सेट-टॉप बॉक्ससारखा रात्रंदिवसचा भार मिळवा. उरलेला फरक बहुधा इन्व्हर्टर एसीचा. त्याचे वॅट पायरीने नव्हे, घसरगुंडीसारखे बदलतात. सूत्रांशी झटापट करण्यापेक्षा एसीच्या एमसीबीनंतर दुसरे मॉड्यूल बसवणे शहाणपणाचे. वीज गेली-आली असेल तर घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होतानाही तशीच लांब उतरंड दिसते. त्या तासांच्या ओळी आधीच बाजूला काढा.