ओल्या बोर्लोत्ती शेंगा कशा निवडाव्यात आणि कशा शिजवाव्यात

इटलीच्या भाजीबाजारात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बोर्लोत्तीच्या ओल्या शेंगा येतात. फिकट पिवळसर सालीवर गुलाबी-लाल शिंतोडे असलेली ही शेंग राजमा आणि घेवड्याच्याच कुळातील आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिचे चट्टेपट्टे ओळखीचे वाटतील. व्हेनेतो प्रांतातील लामोन गावच्या दाण्यांना विशेष मान आहे. वाळवलेले दाणे वर्षभर मिळतात. मात्र ओल्या दाण्याची पातळ साल आणि मऊसूत गर त्यांत येत नाही, म्हणून हंगामात ओल्या शेंगाच घ्याव्यात.

शेंग निवडताना रंगापेक्षा हाताला काय लागते, यावर भर द्यावा. दाणे बाहेरून स्पष्ट जाणवावेत आणि साल किंचित सैल, चामट झालेली असावी. घट्ट हिरव्या शेंगेत दाणा कोवळा असतो, तर काळे डाग पडलेल्या किंवा ओलसर, चिकट शेंगेत आतून बुरशी असण्याची शक्यता असते. विक्रेत्याला विचारून एखादी शेंग उघडून पाहावी. सोलल्यावर वजन साधारण निम्मे उरते, त्यामुळे चौघांसाठी १ किलो शेंगा घ्याव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो. कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दोन-तीन दिवसांत वापराव्यात.

सोललेले दाणे भिजवण्याची गरज नसते. ते धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात घालावेत, वर तीन-चार बोटे येईल इतके थंड पाणी ओतावे आणि त्यात न सोललेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, सेज या सुगंधी वनस्पतीची चार-पाच पाने व चमचाभर ऑलिव्ह तेल घालावे. पहिली १० मिनिटे पाणी खळखळून उकळलेच पाहिजे, कारण कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते मंद आचेवर पुरेसे नष्ट होत नाही. त्यानंतर आच कमी करून दाणे ३० ते ४० मिनिटे हलकेच शिजू द्यावेत. राजम्याच्या सवयीने कुकर लावण्याचा मोह होतो, पण पातळ सालीचे हे दाणे त्यात फुटतात. मीठ दाणे अर्धे शिजल्यावर घालावे. टोमॅटो मात्र दाणे पूर्ण मऊ होईपर्यंत घालू नये, कारण आंबटपणामुळे ते नीट शिजत नाहीत. एकच दाणा चाखून थांबू नये, पाच-सहा चाखावेत. शिजल्यावर लाल शिंतोडे जाऊन रंग तपकिरी होतो, तो तसाच व्हायचा असतो.

आच बंद केल्यावर दाणे त्याच पाण्यात निवू द्यावेत. हे पाणी कृपया फेकू नये. त्यातच या दाण्यांची सारी चव उतरलेली असते. व्हेनेतोमध्ये थोडे दाणे त्यातच घोटून, छोटा पास्ता घालून दाट सूप करतात. तोस्काना प्रांतात तेलात लसूण, सेज व टोमॅटो परतून त्यात शिजलेले दाणे १० मिनिटे मुरवतात. तिथे सहसा कान्नेल्लिनी नावाचे पांढरे दाणे वापरतात, पण बोर्लोत्तीही उत्तम लागतात.

शेंगा जास्त मिळाल्या, तर सोललेले कच्चे दाणे कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि वापरताना न वितळवता थेट पाण्यात घालून थोडा अधिक वेळ शिजवावेत.