गावचा एसटीपी खरंच चालतोय का, हे कसं तपासायचं

नदीचा विषय काढला की नगरपालिकेचं उत्तर ठरलेलं असतं, आमच्याकडे अमुक एमएलडीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. पण ही झाली कपॅसिटी, तेवढं सांडपाणी तिथं पोचतं का आणि साफ होऊन बाहेर पडतं का, हे आपणच बघायचं असतं.

आधी साधा हिशोब करा. माणशी रोज 135 लिटर पाणी धरा, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं. म्हणजे एक लाख वस्तीच्या गावाचं साधारण 10.8 एमएलडी. प्लांटवर रोज येणारा आकडा याच्या निम्मा असेल तर उरलेलं कुठं जातंय? नाल्यातनं नदीत.

म्हणून दुसरं काम, नाले चालत बघा, नदीला मिळतात तिथपर्यंत. कोल्हापूरचंच घ्या, कसबा बावड्यात 76 एमएलडीचा आणि दुधाळीत 17 एमएलडीचा प्लांट आहे, पण जयंती नाल्याचं पाणी अडवून पंपानं बावड्याला न्यावं लागतं, त्यामुळं पंप बंद पडला किंवा लाईट गेली की ते सांडून थेट पंचगंगेत, प्लांट कितीही चांगला असला तरी. आणि खाली इचलकरंजी आहे, शिरोळची गावं आहेत, ती माणसं याच नदीवर जगतात. 2012 ला इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती, विसरून चालणार नाही. तर पंपिंग स्टेशनला जनरेटर आहे का आणि तो चालू होतो का, हे नक्की विचारा.

आता प्लांटवर जा, परवानगीचा अर्ज देऊन, चार-पाच जण मिळून. जाळीवर प्लास्टिक-चिंध्या अडकलेल्या दिसतात का, त्या रोज काढतात का ते बघा. मग हवा सोडायची टाकी. खरं काम इथं होतं, जिवाणू घाण खातात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. पाणी चॉकलेटी आणि वास मातीसारखा असेल तर टाकी ठीक आहे. काळं पाणी, सडक्या अंड्याचा वास आला की समजा हवा कमी पडतेय, बऱ्याचदा बिल वाचवायला ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं मशीन, बंद ठेवलेलं असतं. ऑपरेटरला विनंती करा, टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळीत घेऊन अर्धा तास ठेवा, गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसायला पाहिजे.

बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा, रिपोर्ट मागा, पण ती टेस्ट 27 डिग्रीला तीन दिवस चालते, तेव्हा "आजच्या सॅम्पलचा आजच रिपोर्ट" कुणी दाखवला तर विश्वास ठेवू नका. मर्यादा किती ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं, त्याची कॉपी घ्याच.

कागद देत नसतील तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. वर्षभराची लाईटबिलं, फ्लोमीटरचं (किती पाणी आलं ते मोजणाऱ्या मीटरचं) लॉगबुक, क्लोरीन खरेदी आणि गाळ कुठं टाकला एवढं मागा. लाईटबिल सगळ्यात बोलकं, कारण ब्लोअर विजेशिवाय फिरत नाही, लॉगबुकात पाणी पूर्ण आणि बिल मात्र निम्मं असेल तर तिथंच बोट ठेवायचं. कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करायचा आणि प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कपण आहे, अर्जात तसं स्पष्ट लिहा.

उन्हाळ्यात जास्त लक्ष ठेवा. नदीला धार नसते, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात बंधाऱ्यामागं साठलेलं मैलापाणी, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढल्या की सगळं एकदम खाली येतं. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की थांबू नका, ते मरायच्या आधीच मंडळाच्या ऑफिसला फोन करा, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा आणि तुमच्यासमोर नमुना घेऊन पंचनामा करायला लावा. पंचनाम्यात नमुना कुठल्या जागेचा ते नीट लिहून घ्या, नाल्याच्या वरचा एक आणि खालचा एक असे दोन पाहिजेत, नाहीतर घाण वरनंच आली म्हणून हात झटकतात.