बॅरलमध्ये पोर्क चॉप्स: झाकण मिटलेलं बरं

बॅरल कुकरमध्ये, म्हणजे कोळशावर चालणाऱ्या पिंपासारख्या झाकणाच्या भट्टीत, चॉप्स (डुकराच्या मांसाचे काप) कोरडे पडतात, त्याला बहुतेक वेळा चॉपची जाडी कारणीभूत असते. पातळ तुकडा धूर मुरायच्या आतच शिजून जातो. हाडासकट, निदान तीन-चार सेंटीमीटर जाड चॉप घ्या आणि लिटरभर पाण्यात साधारण ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. नंतर नीट पुसून घ्या, ओल्या मांसाला रंग चढत नाही.

कोळशावर पांढरी राख धरल्याशिवाय मांस आत घालू नका. सफरचंदाच्या वाळक्या लाकडाचे एक-दोन तुकडे पुरतात. दाट पांढरा धूर निघत असेल तर थांबा, त्याने मांस कडू होतं. विरळ, निळसर धूर हवा. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि कोळसा भडकतो, म्हणजे ‘जरा बघू’ म्हणून डोकावणं महागात पडतं. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर भरवसा ठेवा: हाडापासून दूर, मधोमध ६३ अंश सेल्सिअस दिसलं की काढा आणि किमान तीन मिनिटं तसंच राहू द्या.

भाज्या कच्च्या मांसाखाली ठेवू नका, वरून रस ठिबकतो. बटाटे आधी अर्धवट उकडून घ्या. कांदा अर्धा कापून, मका सालासकट. ढोबळी मिरची मात्र शेवटी घाला, नाहीतर तिचा लगदा होतो.

आणि हे सगळं उघड्यावरच. गॅरेजचं दार उघडं असलं तरी कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड आत साठू शकतो.