औष्णिक वीज केंद्रात प्रदूषण नियंत्रणाचं काम : सोलापूरच्या मुलामुलींसाठी

दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आल्यापासून आपल्याकडची मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलची पोरं मला विचारतात, “दादा, पोल्युशन कंट्रोलमध्ये करिअर होतं का?” होतं. मी राज्यातल्या दुसऱ्या एका केंद्रात ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख विजेच्या जोरावर अडवणाऱ्या यंत्राच्या, देखभालीत आहे, आणि माझं सांगणं एकच : सुरुवात राखेपासून करा.

सगळ्यांचा ओढा टर्बाइन आणि कंट्रोल रूमकडे. राखेकडे आपणहून कुणी येत नाही. पण आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. तिचा मोठा भाग धुरासोबत निघतो, आणि चिमणीआधी तो अडवायची जागा म्हणजे ईएसपी. आत ओळीने टांगलेले पत्रे, मध्ये उच्चदाबाचे इलेक्ट्रोड. भारित कण पत्र्याला चिकटतात, हातोड्या ठोकून ते खाली हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पाडतात. पुस्तकात एवढंच असतं. प्रत्यक्षात हॉपर वेळेत रिकामा झाला नाही, तर राख चढत चढत इलेक्ट्रोडला टेकते आणि फील्ड, म्हणजे ईएसपीचा तो विभाग, बंद पडतं. हातोड्या फार वारंवार मारल्या, तर सुटलेली राख परत धुरात मिसळते. आपल्या कोळशात गंधक कमी, म्हणून राखेचा विद्युतरोध जास्त. ती पत्रा सहज सोडत नाही. प्रत्येक फील्डचा करंट आणि व्होल्टेज रोज वहीत मांडा, हळूहळू त्या आकड्यांवरूनच आतली अवस्था कळू लागते. शटडाऊनला आत उतरायची संधी सोडू नका. मात्र कामाचं लेखी परमिट हातात आल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय दारात पाऊल टाकायचं नाही, वरून कितीही घाई होवो.

चिमणी स्वच्छ दिसते म्हणून हवा स्वच्छ, असं मात्र समजू नका. सल्फर डायऑक्साइड दिसत नाही आणि ईएसपीत अडतही नाही. त्यासाठी एफजीडी, म्हणजे धुरातलं गंधक काढणारं यंत्र, लागतं : चुनखडी कालवलेल्या पाण्याने धूर धुतात, त्यातून जिप्सम मिळतं. नायट्रोजनची ऑक्साइडं ज्वाळेतच तयार होतात, म्हणून बर्नर आणि हवेचं प्रमाणही शिका.

वीज केंद्रांच्या धुरासाठीचे डिसेंबर २०१५ चे सरकारी निकष तोंडपाठ हवेत. २०१७ पासूनच्या संचांना घनमीटरमागे धूलिकण ३० मिलिग्रॅम, सल्फर डायऑक्साइड १००. जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून दूरच्या बहुतेक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. मला ते पटलेलं नाही. हाच वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो, आणि ते कण वाऱ्याबरोबर लांबवर जातात. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत आपलं सोलापूरही आहे.

पदवीनंतर नागपूरच्या एनपीटीआयचा (राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्था) औष्णिक केंद्रांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम बघा. पुढे बीओईची (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर) परीक्षा द्यायची असेल, तर बॉयलरवरच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. त्याचे दाखले पहिल्या नोकरीपासूनच वेळच्या वेळी सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा.