लॅपटॉपवरून फॅक्स जात नाही? या चुका टाळा

‘फॅक्स जात नाही, वाय-फाय बघा’ असा फोन आला की पुढचं मला तोंडपाठ असतं. राउटर बंद-चालू करून झालेला असतो, ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकलेला असतो आणि डायल टोन मात्र कुणीच ऐकलेला नसतो. वाय-फायचं काम लॅपटॉपपासून फॅक्सची सोय असलेल्या प्रिंटरपर्यंत पान पोचवण्यापुरतं. तिथून पुढे फॅक्स जातो तो फोन लाइनवरून. लॅपटॉपवरून साधी प्रिंट निघत असेल तर वाय-फायला हात लावू नका.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हेच झालं. सही केलेली ऑर्डर परदेशी खरेदीदाराला फॅक्सनंच हवी होती आणि ऑफिसमधला पोरगा सकाळपासून ड्रायव्हरशी झटत होता. ‘अहो, मागच्या आठवड्यापर्यंत जात होता की,’ मालक म्हणाले. मी प्रिंटरच्या पॅनलवरून स्पीकर चालू केला. टोनच नाही. लाइन नुकतीच फायबरवर गेली होती. नंबर तोच राहिल्यामुळे भिंतीतलं जुनं सॉकेट बंद पडलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वायर फायबरच्या डब्यातल्या फोन पोर्टला लावली, टोन आला, पण फॅक्स दुसऱ्या पानावर तुटायला लागला. फायबरवर फोनचा आवाज डेटाचे तुकडे होऊन जातो. बोलताना एखादा तुकडा गळला तर चालतो, फॅक्सला चालत नाही. मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फॅक्सचा वेग ३३.६ केबीपीएसवरून ९.६ वर आणला, एरर करेक्शन, म्हणजे बिघडलेला भाग परत मागवण्याची सोय, बंद केलं. वेळ जास्त लागला, पण सगळी पानं गेली. फायबर लाइन दिसली की मी आता वेग आधीच कमी करून ठेवतो.

दुसरी चूक घाईची. विंडोज प्रिंटर आपोआप जोडतं आणि लोक तेवढ्यावर खूश होतात. त्यात बऱ्याचदा फक्त प्रिंटचा ड्रायव्हर येतो. प्रिंटरच्या यादीत त्याच मॉडेलचं ‘फॅक्स’ असं वेगळं नाव दिसलं पाहिजे. नसेल तर कंपनीच्या साइटवरून पूर्ण पॅकेज उतरवा. ते मोठं असतं, वेळ खातं, पण शॉर्टकट मारून इथे वेळ वाचत नाही.

फोन लाइनची वायर प्रिंटरच्या ‘लाइन’ लिहिलेल्या सॉकेटमध्येच घाला, ‘एक्स्ट’ फोनसाठी आहे. लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर ठेवू नका, तिथून बहुधा प्रिंटर दिसत नाही. मोबाइलमधून नंबर उचलताना अधिकचं चिन्ह तसंच टाकू नका, परदेशासाठी ०० लावा, आणि लाइनवर आयएसडी चालू आहे का हे आधी विचारा. गावातल्या गावात लँडलाइनवरून लँडलाइनला ०२१७ हा सोलापूरचा एसटीडी कोड सहसा लागत नाही.

आणि लॅपटॉपवर ‘सेंट’ दिसलं म्हणून निघून जाऊ नका. बऱ्याच वेळा त्याचा अर्थ पान प्रिंटरपर्यंत पोचलं एवढाच असतो. प्रिंटरचा ट्रान्समिशन रिपोर्ट काढा, त्यावर ‘ओके’ आणि पानांची संख्या बघा, मगच समोरच्याला कळवा.